खतावणीतली नावे आणि विवरणपत्रातली शीर्षे

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण बखरीपाशी थांबतो, आज्ञापत्रापाशी थांबतो, ऐतिहासिक पत्रांचे दोन-चार नमुने वाचतो आणि अव्वल इंग्रजी कालखंडाकडे वळतो. जमाखर्चाच्या वहीपाशी मात्र कोणी थांबत नाही. वास्तविक मोडी लिपीत जे लिहिले गेले त्याचा फार मोठा भाग हिशेबाचा आहे. वही हे वाङ्मय नव्हे, हे उघडच आहे. पण ते लेखन आहे. त्याला स्वतःची रचना आहे, लेखक आहे आणि मुख्य म्हणजे वाचक आहे. हा वाचक कोण, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ज्याचा हिशेब आहे त्यालाच तो वाचता येतो काय? गेल्या दीडशे वर्षांत या एका प्रश्नापायी महाराष्ट्रात दंगे झाले, कायदे झाले, वतने गेली. आज वारणाकाठचा एखादा गुऱ्हाळमालक किंवा किराणा दुकानदार आपल्याच धंद्याचे विवरणपत्र हाती धरून कर सल्लागाराच्या तोंडाकडे पाहतो, तेव्हाही हाच प्रश्न त्या टेबलावर असतो.

आधी भाषेविषयी. जमा, खर्च, बाकी, वसूल, शिल्लक, कीर्द ही हिशेबाची नित्याची शब्दसंपदा अरबी-फारसीतून आलेली आहे. शिवकाळात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला, त्याच्या दहा वर्गांत लेखनवर्ग आहे, पण्यवर्गही आहे. भाषाशुद्धीच्या चर्चेत या कोशाचा गौरवाने उल्लेख होतो आणि तो योग्यही आहे. परंतु दरबारात काही काळ संस्कृत शब्द चालले असतील. पेठेत ते चालले नाहीत. दुकानदाराने ‘जमा’ सोडली नाही, ‘बाकी’ही सोडली नाही. राजाज्ञेपेक्षा उधारीची भाषा चिवट असते, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतो.

या वहीची रचना पाहण्यासारखी आहे. व्यवहार जसजसा घडेल तसतसा तारखेच्या क्रमाने लिहावयाचा ती रोजकीर्द. तीतून प्रत्येकाचे व्यवहार वेचून त्याच्या त्याच्या पानावर न्यावयाचे ती खतावणी. शेवटी सगळ्या खात्यांच्या बाक्या एकत्र मांडून दोन्ही अंगे जुळतात का ते पाहावयाचे, ती तेरीज. आणि वर्षअखेर ताळेबंद. कीर्द ही काळाची वही, तर खतावणी ही माणसांची. एका पानावर एक कुळ, एक गिऱ्हाईक, एक अडत्या. ‘जमा’च्या समोरच्या बाजूस मराठीने जो शब्द योजला तोही ‘नावे’. रक्कम कोणाच्या तरी नावे पडते. म्हणजे मराठी खतावणीत पैसा आधी माणसाला चिकटतो, मग कारणाला. पुढे प्राप्तिकराचा कायदा आला त्याने हा क्रम उलटा केला, त्याकडे आम्ही येऊच.

संतचरित्रांत वही येते ती बहुधा टाकून देण्यासाठी. एकनाथांनी जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैची चूक रात्रभर बसून शोधली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा उपयोग कीर्तनकार संसाराची चूक शोधण्याच्या उपदेशाकडे वळण्यासाठी करतात. तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, धाकट्या भावाच्या वाट्याची त्याच्याकडे ठेवली, असे परंपरा सांगते. या दुसऱ्या कथेतला वाटणीचा तपशील आम्हांला फार मोलाचा वाटतो. वैराग्य एकट्याचे असते, पण वही कुटुंबाची असते. तेव्हा वैराग्य आले तरी आधी हिशेब करून भावाचा हिस्सा वेगळा काढावा लागला. कौटुंबिक धंद्याचा सल्ला देणारा आजचा कोणीही माणूस पहिली गोष्ट हीच सांगतो.

तुकारामांनी खते स्वतः बुडवली. दोनशेहून अधिक वर्षांनी ती दुसऱ्यांनी जाळली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. लोण नगर जिल्ह्यात पसरले. या दंग्यांचे वैशिष्ट्य म्हणजे जमावाला मुख्यतः कागद हवे होते. सावकाराने खतपत्रे मुकाट्याने दिली तर पुष्कळदा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कागदांचा हा राग कशातून आला ते समजून घेण्यासाठी १८५९ चा मुदतीचा कायदा पाहावा लागतो. कर्जखत तीनच वर्षे ग्राह्य, असे त्याने ठरवले. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षे साठू नये. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला आणि जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज हे नव्या खताचे मुद्दल होऊ लागले. शेतकऱ्याने अंगठा उठवला तो कोणत्या आकड्यावर, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. जो कागद वाचता येत नाही त्याच्याशी वाद घालता येत नाही. तो जाळताच येतो. तरी शेतकऱ्यांनी सरसकट कागद जाळले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी नेमके आपल्यावर चालणारे कागद शोधले. अक्षर न येणाऱ्या माणसांनी केलेले ते एक प्रकारचे वाचनच होते.

त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. इतिहासाच्या पुस्तकांत या कायद्याचा उल्लेख जमीन वाचवणारा कायदा म्हणून येतो. आमचे लक्ष त्यातील दुसऱ्याच कलमांकडे जाते. सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यावी, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा द्यावा, ऋणको मागेल तर पासबुक द्यावे. न्यायालयाने केवळ शेवटचे खत प्रमाण न मानता व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा. हिशेब ज्याच्याविषयी आहे त्याच्या हाती त्याची प्रत असली पाहिजे, हे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत आले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहिला, तो या पार्श्वभूमीवर. कुळकर्ण्याची लेखणी आणि शेतकऱ्याची निरक्षरता यांचा परस्परसंबंध त्यात इतक्या स्पष्टपणे मांडला आहे की तो ग्रंथ विद्येच्या अभावावरचा निबंध म्हणून वाचता येतो, तसाच हिशेबाच्या राजकारणावरचाही.

कोल्हापूर संस्थान या चार जिल्ह्यांत नव्हते. तेथे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि ती प्रामुख्याने गुळाच्या व्यापाराने वाढली. गुऱ्हाळातून निघालेले गुळाचे रवे गाडीने पेठेत जात, सौदा होई आणि काही दिवसांनी शेतकऱ्याच्या हाती पट्टी येई: वजन, दर, आणि त्यातून वजा हमाली, तोलाई, अडत. ही पट्टी अडत्याचा दिवाणजी लिही. ती मोडीत असे, घाईच्या अक्षरात असे, आणि तिच्यातील वजावटी हा घरोघरच्या चर्चेचा विषय असे. बाजारात जो विश्वास होता तो अडत्याच्या घराण्यावर होता. पट्टीच्या मजकुरावर नव्हे.

गावाच्या हिशेबाला मात्र शाहू महाराजांनी मुळातूनच हात घातला. १९१८ मध्ये त्यांनी कुळकर्णी वतन बंद केले आणि त्या जागी पगारी तलाठी नेमले. ते सर्व जातींतून घ्यावयाचे होते. या निर्णयाकडे बहुधा ब्राह्मणेतर चळवळीतील एक पाऊल म्हणून पाहिले जाते आणि तसे ते होतेच. पण त्याचा एक अर्थ असाही आहे की गावाचा हिशेब लिहिण्याचे कसब वंशपरंपरेने मिळणारी मिळकत न राहता शिकण्याजोगी विद्या ठरली. जी वही बापाकडून मुलाकडे जात होती ती आता परीक्षेकडे गेली.

आता प्राप्तिकर. (मराठीत आपण ‘प्राप्तिकर’ लिहितो आणि कचेरीच्या पाटीवर ‘आयकर’ वाचतो, पक्षकार मात्र ‘इन्कमटॅक्स’ म्हणतो.) जेम्स विल्सन यांनी तो १८६० मध्ये हिंदुस्थानात आणला, १८६५ मध्ये तो गेला, वेगवेगळ्या रूपांत परत आला आणि १८८६ च्या कायद्याने स्थिरावला. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले गेले ते तेव्हापासून. १९२२ मध्ये नवा कायदा झाला. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला या सगळ्याची झळ थेट लागली ती संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर. विलीन संस्थानांना केंद्राचे करविषयक कायदे लागू करणारा कायदा त्याच वर्षी झाला. सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली तीही त्याच वर्षी, १ जुलै १९४९ रोजी. योगायोगच, पण शाहूपुरीच्या दिवाणजीच्या दृष्टीने पाहिले तर एकाच वर्षी त्याला नवा वाचक मिळाला आणि नवा प्रतिस्पर्धीही.

या नव्या वाचकाची वाचण्याची रीत निराळी होती. खतावणी विचारते, कोणाकडून आले? कायदा विचारतो, कोणत्या शीर्षाखाली आले? पगार, घरमिळकत, धंदा वा व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर अशा पाच शीर्षांत १९६१ च्या कायद्याने माणसाचे सारे उत्पन्न वाटून टाकले. नावांची वही शीर्षांच्या तक्त्यात उतरवणे हे काम ज्याला येते तो कर सल्लागार. आमच्या मते हे भाषांतराचे काम आहे आणि भाषांतरातले सगळे धोके त्यात आहेत.

गुऱ्हाळाचेच उदाहरण घेऊ. शेतीचे उत्पन्न करमुक्त; माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी सामान्यतः जी प्रक्रिया करतो तीही शेतीतच धरली जाते. मग ऊस गाळून, काहिलीत रस आटवून केलेला गूळ हा शेतीमाल की कारखानदारी? आसपास ऊस विकत घेणारा कोणीच नसेल तर गूळ करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो शेतीचाच शेवटचा टप्पा म्हणता येतो. पण शेजारी साखर कारखाना उभा राहिला की उसालाच बाजार मिळतो; मग गूळ करणे ही निवड ठरते, गरज नव्हे. वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना आला, तेव्हा आसपासच्या गुऱ्हाळांच्या काहिली आणि चुलवाणे तीच राहिली, गुळव्याही तोच राहिला. पण व्याख्येच्या तर्काने त्यांच्या धंद्याचा अर्थ बदलण्याचा मार्ग मोकळा झाला. अशा मिश्र उत्पन्नासाठी १९६२ च्या नियमांतील सातवा नियम सांगे की स्वतःच्या शेतातील मालाची बाजारभावाने किंमत शेतीकडे धरावी आणि उरलेला नफा धंद्याचा समजावा. म्हणून जाणता सल्लागार गुऱ्हाळवाल्याला एकच गोष्ट घोळवून सांगतो: घरचा ऊस निराळा लिहा, विकतचा निराळा. शेतकऱ्याला हे हास्यास्पद वाटते. काहिलीत दोन्हींचा रस एकच होतो.

घर आणि दुकान यांचेही असेच. जुन्या वहीत घरखर्चाचे खाते असे आणि गल्ल्यातून घेतलेली रक्कम ‘उचल’ म्हणून त्यात पडे. मिताक्षरेच्या परंपरेतील एकत्र कुटुंबाला १९२२ च्या कायद्याने करदाता म्हणून मानले, हे खरे. पण त्या कुटुंबात राबणाऱ्या बाईला तो कायदा ओळखत नव्हता. १९६१ च्या कायद्याच्या ६४ व्या कलमानुसार नवऱ्याचा ज्या धंद्यात भरीव हिस्सा आहे तेथून बायकोला पगार मिळाला तर तो नवऱ्याच्याच उत्पन्नात धरावयाचा. अपवाद तिच्याकडे तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता असून उत्पन्न त्या ज्ञानामुळेच मिळत असेल तर. दोघांचा असा संबंध असेल तर कायद्याच्या शब्दांत नियम दोन्हीकडे सारखा आहे. व्यवहारात तीस वर्षे गल्ल्यावर बसून उधारी तोंडपाठ असलेल्या बाईची पात्रता कोणत्या प्रमाणपत्राने दाखवावयाची? खतावणीत निदान सासूबाईंच्या नावचे पान तरी निघे.

‘उचल’ हा शब्द आला आहे, तेव्हा त्यावर थोडे थांबतो. वारणेच्या खोऱ्यात त्याचे तीन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. दुकानदाराची उचल म्हणजे स्वतःच्याच पैशाची उचल. ऊसतोड मजुराची उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम, जी पुढे कोयत्याने फेडावयाची. आणि ऊस उत्पादकाची ‘पहिली उचल’ म्हणजे कारखान्याने द्यावयाचा दराचा पहिला हप्ता, ज्यासाठी दर वर्षी आंदोलने होतात. एकच शब्द, एकाला हक्क, एकाला कर्ज, एकाला लढाई.

या तिसऱ्या उचलीवरूनच प्राप्तिकराचा एक मोठा तंटा उभा राहिला. केंद्राने ठरवलेल्या किमान दरापेक्षा सहकारी कारखाने सभासदांना अधिक दर देत. कारखाना म्हणे, ही उसाची किंमत आहे, म्हणजे खर्च. खाते म्हणे, ही नफ्याची वाटणी आहे, म्हणजे उत्पन्न. त्यावर कर द्या. कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये आणि तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातील ‘५ अ’ कलमाप्रमाणे ठरणाऱ्या जादा दरात नफ्याचा काही अंश असतोच, तेव्हा तेवढा अंश हिशेब तपासून वेगळा काढावा आणि बाकीची किंमत खर्च म्हणून मान्य करावी, असे २०१९ च्या निकालाचे सार आहे. दरम्यान २०१५ च्या वित्त कायद्याने शासनाने ठरवलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतचा खर्च पुढच्या काळासाठी मान्य केला होता. आधीच्या वर्षांचा गुंता २०२३ च्या अर्थसंकल्पाने सोडवला, तेव्हा सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. दहा हजार कोटींचा वाद, आणि तो वस्तुतः एका शब्दाच्या अर्थाचा: किंमत की वाटणी? सभासद हा कारखान्याचा मालक आणि पुरवठादार असे दोन्ही असतो, ही सहकाराची मूळ कल्पना. तिच्यासाठी कायद्याच्या तक्त्यात एकच रकाना नव्हता, एवढाच या साऱ्याचा अर्थ.

हिशेब सभासदाच्या हाती देण्याचा एक प्रयोग याच परिसरात झाला. १९९८ मध्ये वारणेच्या सहकारी संस्था, केंद्र शासन व राज्य शासन यांनी मिळून आसपासची सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या वेळी जाहिरात झाली ती इंटरनेटची, जगाच्या ज्ञानाची. काही वर्षांनी संशोधकांनी गावातील केंद्रे प्रत्यक्ष पाहिली तेव्हा दिसले की शेतकरी तेथे येतो तो मुख्यतः आपला ऊस किती टन गेला, बिल किती झाले, खतापोटी किती कापले, हे पाहण्यासाठी. तेव्हा तीच माहिती मोबाईलच्या लघुसंदेशाने देऊन पाहण्याचा प्रयोगही झाला. प्रकल्प फसला असे यावर अनेकांनी लिहिले. आम्ही तसे म्हणणार नाही. १८७९ च्या कायद्याने जो वार्षिक उतारा मागितला होता तो मिळवण्यासाठी शेतकरी संगणकापुढे उभा होता. जगाच्या ज्ञानापेक्षा त्याला आपले खाते वाचावयाचे होते, यात मागासलेपण कसले?

दुकानदाराच्या बाबतीत मात्र वाचनाची वाट उलटी गेली. पूर्वी धंद्याचे वर्ष ज्याचे त्याने ठरवावे अशी मुभा होती. मराठी मुलखाने काळाचे हिशेब नाना तऱ्हांनी केले आहेत: पेशवाईत महसुलाचे साल मृगापासून सुरू होई, पेठेत दिवाळीचा पाडवा चाले. ३१ मार्च १९८९ ला संपणाऱ्या वर्षापासून कायद्याने सर्वांचे वर्ष एक केले. लक्ष्मीपूजनाला वही अजूनही पुजली जाते. तिच्यात त्या दिवशी काहीच संपत नाही आणि काही सुरूही होत नाही. १९८४ मध्ये चाळीस लाखांवरील उलाढालीस लेखापरीक्षण सक्तीचे झाले. मोडी गेली होती; मग वही गेली आणि हिशेब संगणकात गेला. कायद्याने करदात्याच्या वतीने बोलण्याची परवानगी वकील-लेखापालांप्रमाणे नातेवाइकाला आणि कायम नोकरालाही दिली होती, म्हणजे दिवाणजी वही घेऊन अधिकाऱ्यासमोर बसू शके आणि एखाद्या नोंदीची हकीकत तोंडी सांगू शके. २०१९ पासून चेहराविरहित करनिर्धारण आले. अधिकारी कोणत्या शहरात आहे हे कळत नाही. प्रश्न इंग्रजीत येतो, उत्तर संगणकावरून जाते. लाच आणि अडवणूक यांना त्याने आळा बसला असेल तर ते चांगलेच झाले. पण नोंदीमागची हकीकत सांगण्याची जागा उरली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

लहानातल्या लहानांना तर शासनाने वहीतूनच मोकळे केले. १९६१ च्या कायद्यातील ४४ एडी कलम २०१० नंतर जवळजवळ सर्व छोट्या धंद्यांना लागू झाले: उलाढालीच्या आठ टक्के, बँकेमार्फतच्या रकमांवर सहा टक्के नफा मान्य करा, हिशेबाची पुस्तके ठेवू नका. अडत्याला ही सवलत नाही, कारण दलालीचे उत्पन्न त्यातून वगळले आहे. शंभर वर्षे वही मागणारे शासन आता वही नको म्हणते, आणि किराणा दुकानदार आनंदाने हो म्हणतो. त्याचा सल्लागार त्याला कर किती हे दोन मिनिटांत सांगतो. नफा खरोखर किती झाला, कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती थकले, मुलाने दुकान चालवावे की नाही, हे सांगण्यास त्याच्यापाशीही काही उरत नाही. दुसऱ्या हाताने वस्तू व सेवा कराने २०१७ पासून पावतीपावतीची नोंद मागायला सुरुवात केलीच आहे. सुटा गूळ करमुक्त. १८ जुलै २०२२ पासून आधी वजन करून, पाकिटावर नाव छापून विकला तर पाच टक्के. पातळ गुळाच्या राबेवर तर फेब्रुवारी २०२३ पर्यंत अठरा टक्के कर होता. मग सुट्या राबेवरचा काढला आणि पाकिटातल्या राबेवर पाच टक्के ठेवला.

२०२५ मध्ये संसदेने नवा प्राप्तिकर कायदा संमत केला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. ‘पूर्व वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ ही जोडी, जिने तीन पिढ्यांच्या दुकानदारांना गोंधळात टाकले, त्यातून गेली. तिच्या जागी ‘कर वर्ष’ असा एकच शब्द आला. कायदा सोपा केल्याचे सांगितले जाते आणि कलमांची संख्या ५३६ वर आणली आहे. त्याची मराठी कशी होते, हे आम्ही भाषेचे विद्यार्थी म्हणून पाहणार आहोत. कारण गुऱ्हाळात ती वाचली जाणार आहे, निदान वाचून दाखवली तरी जाणार आहे.